सोय दिली, पण तो वापरत नाही

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. मुलगा १५ वर्षांचा, जन्मापासून अल्पदृष्टी. चष्मा लावूनही फळ्यावरचं दिसत नाही, पुस्तक डोळ्यांजवळ धरून वाचतो. शाळा सर्वसाधारण. शाळेनं त्याला मोठ्या अक्षरांतली पुस्तकं दिली, परीक्षेसाठी वाढीव वेळ आणि लेखनिक मंजूर केला, वर्गात शेजारी बसायला एक मदतनीस बाई नेमल्या. मुलगा यातलं काहीच वापरत नाही. पुस्तकं घरी पडून आहेत, मदतनीस बाईंशी अबोला आहे, लेखनिकाला त्यानं परत पाठवलं, गुण घसरले. आता शाळा म्हणते, "आमच्याकडून होतं ते सगळं केलं, याला विशेष शाळेत घाला." पालकांनी दोन गोष्टी विचारल्यात: मुलानंच सोय नाकारली तर त्याचा हक्क उरतो का? आणि त्याच्यावर जबरदस्ती करावी का?

हक्क उरतो. जबरदस्ती करू नका.

आता सविस्तर. तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं. मुख्याध्यापक काय म्हणाले ते त्यात आहे, नेत्रतज्ज्ञ काय म्हणाले ते आहे, नातेवाइकांची मतंही आहेत. मुलगा काय म्हणतो ते मात्र कुठेच सापडलं नाही. "तो ऐकत नाही" एवढंच आहे. विशेष शिक्षिका म्हणून वीसेक वर्षं काम केल्यावर मला अशी वर्णनं ओळखता येतात, कारण सुरुवातीच्या काळात माझे स्वतःचे अहवाल हुबेहूब असेच असायचे.

तेव्हाची एक चूक सांगते. माझ्याकडे एक कर्णबधिर मुलगी होती, १४ वर्षांची. श्रवणयंत्र लावायची आणि ओठ वाचायची. मी वर्गशिक्षकांना सांगून तिला पहिल्या बाकावर, बरोबर मधोमध बसवलं. प्रशिक्षणात तेच शिकवलं होतं. दोन महिन्यांत ती मागं पडली, वर्गात बोलेनाशी झाली, आणि मी नोंदीत "प्रेरणेचा अभाव" असं लिहून मोकळी झाले. शेवटी एका दुपारी सहज विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं की पहिल्या बाकावरून फक्त शिक्षक दिसतात. मागून कोणी प्रश्न विचारला, कोणी उत्तर दिलं, सगळे कशावर हसले, यातलं काही कळत नाही. मान वळवून बोलणारा शोधेपर्यंत बोलणं संपलेलं असतं. शिवाय शिक्षक खिडकीला पाठ करून उभे राहतात, त्यामुळे चेहरा काळा दिसतो आणि ओठ दिसतच नाहीत. तिला दुसऱ्या रांगेत भिंतीकडेची जागा हवी होती, जरा तिरकं बसून शिक्षक आणि वर्ग दोन्ही दिसतील अशी. बाक हलवायला दहा मिनिटं लागली. तिला विचारायला मला एक सत्र लागलं होतं.

तुमच्या मुलाच्या बाबतीतही मला हीच शंका आहे. सोयी दिल्या गेल्या, पण त्या त्याच्याशी बोलून ठरल्या नाहीत. आणि हा केवळ आपुलकीचा मुद्दा नाही, हक्काचं मूळच तिथं आहे.

संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा करार २००६ मध्ये मंजूर झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. त्यातलं २४ वं कलम शिक्षणाचं. अपंगत्वाच्या कारणावरून कोणालाही सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेतून वगळता येणार नाही, आणि ज्याची जशी गरज तशी वाजवी सोय करून द्यावी लागेल, असं ते सांगतं. हे कलम बहुतेकांना ठाऊक असतं. सातवं कलम फार कमी लोक वाचतात. अपंग मुलांना त्यांच्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत आपलं मत मांडण्याचा हक्क आहे, ते मांडण्यासाठी लागेल ती मदत मिळण्याचाही हक्क आहे, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायचं आहे, असं त्यात आहे. पुढे २०१६ मध्ये या कराराच्या समितीनं २४ व्या कलमाचा खुलासा केला. त्यात पालकांना पहिल्या वाचनात टोचेल असं एक विधान आहे: समावेशक शिक्षण हा शिकणाऱ्याचा हक्क आहे, पालकांचा नाही, आणि पालकांची जबाबदारी मुलाच्या हक्काच्या खालोखाल येते. मी हे पालकसभेत वाचून दाखवते तेव्हा शांतता पसरते. रात्र रात्र जागून, रजा टाकून, खेटे घालून मुलाला इथवर आणलेल्या आईला हे ऐकायला लावणं क्रूर वाटतं, मलाही वाटतं. तरीही ते खरं आहे, आणि १५ व्या वर्षी तर फारच.

त्याच खुलाशात चार अवस्थांमधला फरक सांगितला आहे. मुलाला शिक्षणातूनच बाहेर ठेवणं ही एक. वेगळ्या जागी, फक्त अपंगांसाठीच्या व्यवस्थेत शिकवणं ही दुसरी. सर्वसाधारण शाळेत घेणं, पण शाळा आहे तशीच ठेवून मुलानं जुळवून घ्यावं अशी अपेक्षा करणं ही तिसरी. आणि शिकवण्याची पद्धत, साहित्य, परीक्षा, वर्गातलं वातावरण हे सगळं बदलत नेणं ही चौथी. समावेशन म्हणायचं ते हिलाच. तुमची शाळा प्रामाणिक वाटते, पण ती तिसऱ्या पायरीवर उभी आहे. मुलाच्या हातात तीन वस्तू दिल्या, वर्ग मात्र होता तसाच चालू राहिला.

भारतातल्या कायद्याचंही सांगते, कारण शाळेशी बोलताना तो लागेल. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. या वाक्यात पुढे "त्याच्या पसंतीच्या" असे शब्द आहेत. पसंती त्याची. शाळेनं हात टेकले म्हणून त्याची रवानगी करण्याची तरतूद त्यात नाही. प्रमाणपत्रावरचा आकडा ४० पेक्षा कमी असेल तरी वाजवी सोयीचा हक्क जात नाही. २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच सांगितलं. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत होते, आणि ४० टक्क्यांची अट पुढे करून लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालयानं तो नकार रद्द ठरवला आणि सोय ही त्या त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे ठरवायची असते, हे स्पष्ट केलं.

इथं एका शब्दाबद्दल बोलायचंय. शाळांच्या परिपत्रकांत आणि शिक्षकांच्या तोंडी "सवलत" हा शब्द असतो. सवलत देणारा मोठा आणि घेणारा मिंधा. १५ वर्षांच्या मुलाला हा सूर बरोबर ऐकू येतो. "तुला सवलत आहे ना, मग काय!" असं वर्गमित्रानं एकदा म्हटलं की तो वाढीव वेळ पुन्हा मागणार नाही. घरात तरी हा शब्द बंद करा.

आता त्या तीन गोष्टींकडे येऊ. मोठ्या अक्षरांतली छापील पुस्तकं म्हणजे आकारानं दुप्पट, जाडीनं तिप्पट. बाकावर मावत नाहीत, दप्तरात बसत नाहीत, आणि उघडल्याबरोबर सगळ्या वर्गाचं लक्ष जातं. नकाशे आणि आकृत्या नुसत्या मोठ्या केल्या की पुसट होतात. मोठा केलेला नकाशा शोधत फिरायला त्याच्या दृष्टीचा टापू पुरत नसेल तर काहीच साधत नाही. हेच पुस्तक टॅबवर असेल तर अक्षर हवं तेवढं करता येतं, काळ्यावर पांढरं करता येतं, डोळे दमले की ऐकता येतं. आणि त्या वयाच्या मुलाच्या हातात टॅब दिसला तर कोणाला नवल वाटत नाही. एक मात्र तपासा. फाइल म्हणजे पानांचे नुसते फोटो असतील तर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मुकं होतं. मजकूर निवडता येतो का ते बघा.

लेखनिकाचं तसं सरळ आहे. जो मुलगा आठ वर्षं स्वतःच्या हातानं लिहीत आला, त्याला परीक्षेच्या दिवशी अनोळखी माणसासमोर बसवून "सांग" म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. गणिताची पायरी तोंडी सांगणं, निबंधाची वाक्यं डोक्यात धरून ठेवणं हे वेगळं कौशल्य आहे, त्याला महिनोन् महिने सराव लागतो. कदाचित त्याला जाड रेघांची उत्तरपत्रिका, काळं ठळक पेन, उतरतं डेस्क, डोळ्यांवर न येणारा दिवा आणि वाढीव वेळ एवढंच हवं असेल. कदाचित भाषेला हात आणि भूगोलाला लेखनिक, असंही हवं असेल. तसं मागता येतं.

मदतनीस बाईंवर मात्र मला थांबायचंय, कारण बहुतेक गाठ तिथं बसलेली असते. अमेरिकेत मायकेल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सर्वसाधारण वर्गातल्या मदतनिसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सतत शेजारी असलेल्या मोठ्या माणसामुळे काय होतं, हे त्यांनी वर्गात बसून टिपलं. वर्गशिक्षक त्या मुलाला आपला विद्यार्थी मानेनासे होतात, तो मदतनिसाच्या खात्यात जमा होतो. बाकीची मुलं जवळ येत नाहीत. मूल मोठ्यांवर विसंबायला लागतं. शिकवण्याचं प्रशिक्षण ज्याच्याकडे सर्वात कमी, तोच त्याला सर्वात जास्त शिकवतो. मुलगा की मुलगी ही ओळखसुद्धा पुसली जाते, कारण सगळं मदतनिसाच्या सोयीनं होतं. हे वाचून मी माझ्या शाळांमध्ये पाहायला लागले आणि अगदी हेच दिसलं. तास चालू असताना शिक्षक प्रश्न विचारतात आणि मुलाकडे न बघता मदतनिसाकडे बघतात: "त्याला समजलं का?"

विचार करा, १५ वर्षांचा मुलगा, शेजारी दिवसभर एक बाई. मधल्या सुट्टीतही. मित्र त्याच्याशी क्रिकेटबद्दल बोलतील, पण ज्या गोष्टी त्या वयात खरोखर बोलायच्या असतात त्या बोलतील का? शिव्या देतील? कोण कोणाला आवडतं ते सांगतील? त्यानं बाईंशी अबोला धरला, हे मला बंडखोरी वाटत नाही. त्याला वर्गात जागा हवी आहे आणि ती अडवली गेली आहे. बाईंचा यात दोष नाही, त्यांना "त्याच्याजवळ बसा" एवढंच सांगितलंय. त्यांना वर्गाच्या मदतीला ठेवता येईल: त्यांनी आदल्या दिवशी आकृत्यांचं साहित्य तयार करावं, प्रयोगशाळेत गरज लागली तर यावं, बाकी वेळ शिक्षकांना हातभार लावावा. मित्र लिहून घेतलेल्या वहीचा फोटो पाठवेल, त्यासाठी शेजारी मोठं माणूस लागत नाही.

फळ्याचं काय, असं विचाराल. शिक्षकांनी फळ्यावर लिहिताना मोठ्यानं म्हणायचं. "हे इथून तिथं गेलं की हे मिळतं" असं न म्हणता "डावीकडची संख्या उजवीकडे नेली की वजा होते" असं म्हणायचं. याला एक पैसा लागत नाही, आणि मागच्या बाकावरच्या साऱ्यांचा फायदा होतो. उजेडाचंही शिक्षकांना समजावून सांगा. अल्पदृष्टी असलेल्याला सकाळी दिसलेलं अक्षर दुपारी उन्हाच्या तिरपेत दिसत नाही, थकल्यावर तर नाहीच. हे माहीत नसेल तर "काल तर वाचत होतास, आज नाटक करतोस" हे वाक्य येतं. मी ते वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं.

मुलाला काय कळतं, असं कोणी म्हटलं की मी ब्रेलची गोष्ट सांगते. लुई ब्रेल पॅरिसच्या अंधशाळेत शिकला. तिथं डोळस शिक्षकांनी ठरवलेली पद्धत होती: नेहमीचीच अक्षरं कागदावर उठावदार करायची आणि मुलांनी बोटांनी चाचपायची. डोळ्यांना सुंदर, बोटांना संथ, आणि लिहिता तर येतच नसे. १८२४ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी, ब्रेलनं सहा ठिपक्यांची लिपी जुळवत आणली. मुलांनी ती उचलली. मोठ्यांनी मात्र तिला शाळेची अधिकृत लिपी मानायला १८५४ साल उजाडलं, ब्रेल जाऊन दोन वर्षं झाल्यावर. मधल्या काळात एका संचालकानं तिच्यावर बंदीही घातली होती. मुलं चोरून वापरत राहिली.

उलटं उदाहरण १८८० चं. मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली, १६४ प्रतिनिधी आले, त्यात स्वतः कर्णबधिर असा एकच. त्यांनी ठराव केला की खुणांच्या भाषेपेक्षा तोंडी बोलणं श्रेष्ठ. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या मुलांचे हात बांधले गेले, काही ठिकाणी अक्षरशः. त्याच परिषदेच्या परंपरेतल्या पुढच्या मंडळींनी २०१० मध्ये व्हँकुव्हरला तो ठराव नाकारला आणि खेद व्यक्त केला. १३० वर्षं गेली.

म्हणूनच विशेष शाळा वाईट असं मी म्हणत नाही. खुणांची भाषा बोलणारं दुसरं कोणीच नाही अशा वर्गात एकट्या कर्णबधिर मुलाला बसवून त्याला समावेशन म्हणणं ढोंग आहे. करारातही अंध, कर्णबधिर आणि बधिरांध मुलांसाठी त्यांच्या भाषेचं, लिपीचं, त्यांच्या वाढीला पोषक असं वातावरण द्यायला सांगितलं आहे. तुमचा मुलगा उद्या म्हणाला, की मला माझ्यासारख्या मुलांत जायचंय, ब्रेल शिकायचंय, काठी घेऊन एकटं फिरायला शिकायचंय, तर ते गंभीरपणे ऐका. काही मुलं सुट्टीत अशा प्रशिक्षणाला जातात आणि बाकी वर्ष आपल्या शाळेत असतात, तोही मार्ग आहे. शाळा कंटाळली हे मात्र कारण होऊ शकत नाही.

बोलायचं कसं? समोरासमोर बसून "तुला काय प्रॉब्लेम आहे" असं विचारलं तर "काही नाही" हेच उत्तर येणार. चालता चालता, गाडीवर, भांडी घासताना विचारा. आणि बारीक विचारा. कालचा दिवस घ्या, एक एक तास. कोणत्या तासाला सगळ्यात जास्त दमलास? कोणत्या शिक्षकांचं कळतं आणि का? सुट्टीत कुठं असतोस? तुझ्या डोळ्यांबद्दल वर्गात कोणाला काय माहीत आहे, आणि काय माहीत असावं असं तुला वाटतं? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. कित्येकदा त्याच्या अपंगत्वाची घोषणा शाळेनं त्याला न विचारता भर वर्गात केलेली असते, "याला मदत करत जा" म्हणून. त्या दिवसापासून तो लपायला लागतो. काय सांगायचं, कोणाला आणि कोणत्या शब्दांत, हे त्यालाच ठरवू द्या.

तुम्हाला न पटणारं उत्तर आलं तर लगेच खोडू नका. मी मुलांना म्हणते, एक सोय निवड, तीन आठवडे वापर, नाही पटली तर सोडून दे, मी विचारणार नाही. सोडायची मुभा असली की वापरून बघायची भीती कमी होते. काही मुलं तीन आठवड्यांनी खरंच सोडतात. काही सहा महिन्यांनी स्वतःहून परत मागतात.

मग शाळेबरोबर बैठक. मुलगा हजर असला पाहिजे आणि पहिला बोलणारा तोच. बोलायला जमत नसेल तर त्यानं आधी लिहून आणावं किंवा आवाज रेकॉर्ड करून आणावा. बैठकीतून एक पानाचा आराखडा निघावा: कोणत्या विषयाला काय बदलणार, कोण करणार, कधीपासून, आणि पुन्हा कधी भेटणार. तोंडी आश्वासन शिक्षकांची बदली झाली की उडून जातं. शाळेनं काही नाकारलं तर कारण लेखी मागा. "खर्च फार" हे कारण असू शकतं, पण ते दाखवावं लागतं, नुसतं म्हणून चालत नाही. "बाकीच्या मुलांवर अन्याय" हे कारण मी आजवर शंभरदा ऐकलं, लेखी मात्र एकदाही मिळालं नाही.

या सगळ्याला घाई एवढ्यासाठी, की तीन वर्षांत तो कॉलेजात असेल आणि तिथं त्याच्याऐवजी बोलायला तुम्ही नसाल. अमेरिकेतलं एक उदाहरण सांगते. एड रॉबर्ट्स हा पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ हलू न शकणारा तरुण. खेळाचा आणि गाडी चालवण्याचा अभ्यासक्रम केला नाही म्हणून त्याच्या शाळेनं त्याचं प्रमाणपत्र अडवलं होतं. त्यासाठी तो आणि त्याची आई भांडले, आणि १९६२ मध्ये तो बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. श्वास चालू ठेवणारं लोखंडी फुप्फुसाचं अवजड यंत्र वसतिगृहात मावेना, तेव्हा त्याची राहण्याची सोय विद्यापीठाच्या रुग्णालयात झाली. पुढच्या काही वर्षांत तसेच आणखी विद्यार्थी तिथं आले आणि त्यांनी मिळून आपल्या मागण्या स्वतः मांडल्या. आई पहिल्या दारापर्यंत बरोबर होती. तुमचं काम साधारण तेवढं आहे.

शाळेला उत्तर द्यायची घाई करू नका. "आम्ही मुलाशी बोलून, त्याला घेऊन भेटायला येतो" एवढं लिहून पाठवा, आणि तारीख त्याला विचारून कळवा. गणिताची चाचणी असेल त्या आठवड्यात नको, असं तो म्हणाला तर नको.